जेवायला आले, ते वेढा घालून बसले

वाचकहो, आपल्या वस्त्यांतली कितीतरी मुले आज मुंबई-पुण्याच्या मोठ्या हॉटेलांत कामाला आहेत. कोणी वेटर आहे, कोणी भटारखान्यात कांदा चिरतो, कोणी रात्रभर भांडी घासतो. पहाटे घरी येऊन ती सांगतात, की आज एका टेबलाचे बिल अमुक हजार झाले, दर पदार्थाबरोबर वेगळी वाइन होती, दर वाइनला वेगळा ग्लास होता. आई ऐकून घेते आणि विचारते, "एवढं खाऊन त्यांना पचतं कसं रे?" आम्हाला हा प्रश्न अगदी रास्त वाटतो. म्हणून या खेपेला अशाच एका जेवणाची हकिकत सांगायचे आम्ही योजले आहे. जगातल्या खवय्यांच्या पुस्तकांत ते जेवण दीडशे वर्षे गाजते आहे. मात्र ती पुस्तके जेथे थांबतात, तेथे आम्ही थांबणार नाही.

वाइनचे नाव काढले म्हणून काही उपासक-उपासिकांच्या कपाळाला आठ्या पडतील. पाचवे शील आम्हीही घेतलेले आहे आणि दारूची भलामण या पानावर कधी होणार नाही. पण बाटलीवरच्या चिठ्ठीत इतिहास लिहिलेला असतो. तो वाचायला शीलाची आडकाठी नाही.

तर साल १८६७, तारीख ७ जून, शहर पॅरिस. त्या वर्षी तेथे मोठे जागतिक प्रदर्शन भरले होते आणि फ्रान्सचा बादशहा तिसरा नेपोलियन याने देशोदेशीच्या राजेरजवाड्यांना ते पाहायला बोलावले होते. त्यातल्या काही पाहुण्यांनी त्या रात्री कॅफे आंग्ले नावाच्या हॉटेलात जेवण घेतले. टेबलाला बसले होते रशियाचा झार दुसरा अलेक्झांडर, त्याचा युवराज, प्रशियाचा राजा विल्हेल्म आणि त्याचा मुख्यमंत्री बिस्मार्क. आदल्याच दिवशी पॅरिसमध्ये एका पोलिश तरुणाने झारवर गोळी झाडली होती. झार बचावला आणि दुसऱ्या रात्री जेवायला हजर झाला. राजांची भूक अशी सहजासहजी मरत नाही!

हे जेवण 'तीन बादशहांचे जेवण' म्हणून ओळखले जाते. खरे पाहता त्या रात्री टेबलावर बादशहा एकच होता. युवराज हा युवराजच होता आणि विल्हेल्म हा नुसता राजा. विल्हेल्म बादशहा कधी झाला आणि कोणाच्या उरावर बसून झाला, ते पुढे येईलच.

मुख्य आचारी होता अदोल्फ द्युग्लेरे, त्या काळच्या फ्रान्समधला अतिशय नावाजलेला माणूस. त्याने सोळा पदार्थ केले आणि त्यांच्या जोडीला आठ वाइन निघाल्या. जेवण आठ तास चालले असे सांगतात. दोन तऱ्हेची सुपे, मग सोल आणि टर्बोट हे समुद्रातले मासे, मेंढ्याच्या पाठीचे मांस आणि त्याखाली शिजवून घोटलेल्या घेवड्याच्या दाण्यांचा लगदा, पोर्तुगीज पद्धतीची कोंबडी, पिठाच्या आवरणात भाजलेले लाव्याचे मांस, शेवंड, मध्येच तोंड साफ करायला वाइनचे बर्फ, मग बदक, मग ऑर्तोलान नावाचे चिमुकले पक्षी. एवढे झाल्यावर भाज्या. त्यांत शतावरीचे कोंब होते, आणि भगिनींनो, वांगीही होती! स्पॅनिश पद्धतीची असतील, पण वांगीच. आपल्या परसातला जिन्नस झारच्या ताटात जाऊन बसला होता. शेवटी आइस्क्रीम आणि फळे.

आता वाइनची जोडी लावणे म्हणजे काय, ते सांगितले पाहिजे. पूर्वी फ्रान्समध्ये मोठ्या जेवणात बरेचसे पदार्थ एकदमच टेबलावर मांडत. गरम पदार्थ थंड होई आणि दूरच्या थाळीपर्यंत हात पोहोचत नसे. पुढे रशियन पद्धत आली. एक पदार्थ आणायचा, तो संपला की थाळ्या उचलायच्या आणि दुसरा आणायचा. तीच पद्धत आज आपली मुले मोठ्या हॉटेलांत पाहतात. तिला नोकर जास्त लागतात, पण दर पदार्थाबरोबर त्याच्या जोडीची वाइन देणे सोपे होते. जोडी लावणे तर आपल्यालाही नवे नाही. बाजरीच्या भाकरीला ठेचा, पिठल्याला बुक्कीने फोडलेला कांदा, सुक्या बोंबलाच्या कालवणाला भात. एकाचा कोरडेपणा दुसऱ्याने ओला करायचा आणि एकाचा तिखटपणा दुसऱ्याने निववायचा, एवढेच त्यातले शास्त्र आहे. मटणाची चरबी जिभेवर बसते, ती तांबड्या वाइनच्या तुरटपणाने धुतली जाते. मासा नाजूक असतो, त्याला तुरट वाइन चालत नाही, म्हणून पांढरी. आपण ताकाकडून, कांद्याकडून, लिंबाकडून जे काम करून घेतो, तेच ते बाटलीकडून करून घेतात.

त्या रात्रीच्या बाटल्या पाहा. पहिली १८१० सालची मदेरा. हे पोर्तुगीजांच्या एका बेटाचे नाव. आपल्या 'मदिरा' शब्दासारखे ऐकू येते, पण पोर्तुगीज भाषेत त्याचा अर्थ लाकूड. या बाटलीला 'हिंदुस्थानातून परतलेली' असे म्हणत. मदेरा वाइनची पिंपे जहाजात घालून उष्ण समुद्रांतून हिंदुस्थानापर्यंत न्यायची आणि तशीच परत आणायची, अशी तेव्हा रीत होती. उन्हाने आणि लाटांच्या हेलकाव्यांनी ती अधिक चवदार होते, असा अनुभव होता. म्हणजे कोणा बड्याच्या पेल्यातली चव सुधारावी म्हणून पिंपाने अर्ध्या जगाचा प्रवास करायचा, आणि पिंपाबरोबर खलाशांनीही! दुसरी १८२१ ची शेरी. मग १८४७ ची शातो दिकेम, १८४६ ची शांबेर्तां, १८४७ ची शातो मार्गो, त्याच सालची शातो लातूर, १८४८ ची शातो लाफित, आणि शेवटी रोडरेरची शॅम्पेन. (हे लातूर आपल्या मराठवाड्यातले नव्हे. त्यांच्या भाषेत त्याचा अर्थ बुरूज.)

यातल्या दिकेमविषयी थोडे अधिक सांगावेसे वाटते. ही गोड पांढरी वाइन. द्राक्षांवर एक तऱ्हेची बुरशी धरू देतात. तिने द्राक्ष सुकते आणि त्यातली साखर घट्ट होते. सगळा घड एकदम सुकत नाही. म्हणून मजूर त्याच वेलीकडे पुन्हा पुन्हा जातात आणि सुकलेले तेवढेच मणी वेचून आणतात. एका वेलीतून जेमतेम पेलाभर वाइन निघते म्हणतात. कापूस वेचलेल्या आपल्या आयाबहिणींना हे काम समजावून सांगायला नको. बाटलीवर मळ्याचे नाव असते, साल असते, मालकाचे चिन्ह असते. वेचणारीचे नाव कुठेच नसते.

आणि बाटल्यांचीही उतरंड आहे बरे का! १८५५ साली पॅरिसच्या आधीच्या प्रदर्शनासाठी बोर्दो प्रांतातल्या तांबड्या वाइनच्या पाच श्रेणी ठरवल्या गेल्या. लाफित, लातूर आणि मार्गो पहिल्या श्रेणीत होत्या. मूतों रॉथशिल्ड नावाची वाइन दुसऱ्या श्रेणीत पडली. तिला पहिल्या श्रेणीत चढायला १९७३ साल उजाडावे लागले. बाटलीला बढती मिळायला ११८ वर्षे लागली, तेथे माणसाचे काय सांगावे! या मूतोंची गाठ पुढे पुन्हा पडणार आहे.

त्या जेवणाचा खर्च माणशी ४०० फ्रँक आला असे सांगतात. पॅरिसच्या कामगाराला तेव्हा दिवसाला चार-पाच फ्रँक मिळत. शिवणकाम करणाऱ्या बाईच्या हाती दोन फ्रँक पडले तरी पुष्कळ. म्हणजे एका पाहुण्याच्या ताटात त्या बाईचे दोनशे दिवस वाढलेले होते. एवढे होऊन रात्री एक वाजता झारने कुरकुर केली, की हंसाचे यकृत का नाही वाढले? हंसाला बळेबळे चारून त्याचे यकृत फुगवतात, तो पदार्थ. व्यवस्थापकाने नम्रपणे सांगितले, की जून महिन्यात तो करण्याची रीत नाही, ऑक्टोबरपर्यंत धीर धरावा. ऑक्टोबरात तो पदार्थ झारकडे रवाना झाला, अशी कथा आहे. कॅफे आंग्ले १९१३ साली बंद पडले. त्या रात्रीचे टेबल मात्र पॅरिसच्याच दुसऱ्या एका जुन्या हॉटेलात, तूर दार्जांमध्ये, जपून ठेवले आणि लोकांना पाहायला मांडले.

त्याच पॅरिसमध्ये पुढच्याच वर्षी आणखी एक टेबल मांडले गेले. ते कोणी जपून ठेवले नाही. पुस्तकबांधणी करणारा एजेन व्हार्लँ नावाचा कामगार आणि त्याच धंद्यातली नाताली लमेल नावाची बाई यांनी सोबत्यांना घेऊन १८६८ साली सहकारी खानावळ काढली. नाव ठेवले 'ला मार्मित', म्हणजे पातेले. कामगारांनी थोडे थोडे पैसे घालायचे, धान्य-भाजी एकत्र घ्यायची, आणि मधला नफेखोर काढून टाकून स्वस्तात पोटभर जेवायचे. स्वयंपाकघर नाताली पाहत असे. जेवण झाल्यावर वर्तमानपत्रे वाचली जात, वाद झडत, गाणी होत. गिरणगावातल्या खानावळवाल्या बायकांच्या हातचे जे जेवले आहेत, त्यांना हे चित्र ओळखीचे वाटेल.

मग १८७० चे साल आले. जुलै महिन्यात फ्रान्स आणि प्रशिया यांचे युद्ध जुंपले. सप्टेंबरच्या आरंभीच तिसरा नेपोलियन शत्रूच्या हाती लागला. पॅरिसमध्ये प्रजासत्ताक जाहीर झाले. प्रशियाची फौज पुढे सरकली आणि १९ सप्टेंबर १८७० रोजी तिने पॅरिसला वेढा घातला. फौजेबरोबर कोण आले? राजा विल्हेल्म आणि बिस्मार्क! तीन वर्षांपूर्वी ज्या शहरात दिकेम आणि लाफित रिचवून गेले, त्याच शहराच्या वेशीबाहेर व्हर्सायच्या मुक्कामी ते बसले, आणि आत अन्नाचा दाणा जाणार नाही अशी व्यवस्था त्यांनी केली. शहरात सुमारे वीस लाख माणसे होती.

पहिल्या काही आठवड्यांत गुरे आणि मेंढ्या संपल्या. मांस माणशी मोजून मिळू लागले आणि ते माप उतरत गेले. घोडे कापू लागले. झारने त्या प्रदर्शनाच्या वेळी नेपोलियनला भेट दिलेले दोन उमदे घोडेसुद्धा खाटकाकडे गेले. त्या साली हिवाळा कडक पडला. जळण मिळेना. मांसाच्या दुकानापुढे बायका पहाटेच्या अंधारापासून रांगेत उभ्या राहत. लहान मुलांना दूध नव्हते. रेशनच्या रांगेत रॉकेलचा डबा घेऊन ज्या उभ्या राहिल्या आहेत, त्यांनी ती थंडी मनाने जोडून घ्यावी.

आणि याच हिवाळ्यात दुसरे प्रसिद्ध जेवण झाले. २५ डिसेंबर १८७०, नाताळचा दिवस, वेढ्याचा ९९ वा दिवस. हॉटेल व्हुवाझँ, आचारी अलेक्झांद्र शोराँ. प्राण्यांच्या बागेतले प्राणी विकायला निघाले होते, कारण त्यांना घालायला वैरण नव्हती. त्या दिवशीचे पदार्थांचे कार्ड आजही छापले जाते. सुरुवातीला गाढवाचे भरलेले डोके. मग राजम्याचे सूप आणि हत्तीचे सूप. भाजलेला उंट, कांगारूचा रस्सा, अस्वलाच्या बरगड्या, लांडग्याची मांडी, मांजर आणि त्याच्या दोन्ही बाजूंना मांडलेले उंदीर, हरणाचे मांस. आणि वाइन? शेरी, १८६१ ची लातूर ब्लांश, १८६४ ची शातो पामे, १८५८ ची रोमाने-काँती, १८२७ ची पोर्ट, आणि १८४६ ची मूतों रॉथशिल्ड! कोठारात अन्न नव्हते, पण तळघर भरलेले होते. बाटली लावण्यात कसूर नाही. मांजराला आणि लांडग्यालाही मानाची जोडी मिळाली.

हत्ती कसा लागला, तेही नोंदलेले आहे. हेन्री लाबुशेर नावाचा इंग्रज वार्ताहर तेव्हा पॅरिसमध्ये अडकला होता. त्याने कळवले, की मांस चिवट, जाडेभरडे आणि तेलकट असते. माकडांना मात्र सोडून दिले. माणसाच्या फार जवळची वाटली असावीत.

येथे आमच्या मनात एक गोष्ट येते, ती लिहिल्यावाचून राहवत नाही. व्हुवाझँच्या टेबलावर ज्यांनी मांजर आणि उंदीर खाल्ले, त्यांना कोणी हीन म्हटले नाही. त्यांची जात त्यामुळे ठरली नाही. उलट त्यांच्या धीराचे आणि विनोदाचे कौतुक झाले, कार्ड आठवण म्हणून जपले गेले. आमच्या आज्या-पणज्यांनी मेलेल्या ढोराचे मांस खाल्ले, ते काही नाताळच्या गमतीने खाल्ले नाही. दुसरे मिळू दिले नाही म्हणून खाल्ले. त्यांच्या वाट्याला मात्र शिवी आली आणि तीच पिढ्यान्‌पिढ्या ओळख म्हणून चिकटवली गेली. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी ते मांस सोडा असे सांगितले आणि लोकांनी सोडले. उपाशी राहू, पण ते खाणार नाही, असे म्हणणारी माणसे या पानाच्या वाचकांच्या घराघरांत होऊन गेली. त्यांच्या त्या रात्रीच्या जेवणाचे कार्ड कोणी छापले नाही.

पॅरिसच्या गरिबांनी उंदीर खाऊन दिवस काढले असे सर्रास लिहिले जाते. त्यातही गंमत आहे. उंदीर गोड लागण्यासाठी त्याला भारी मसाला आणि सॉस लागतो. तो करणे गरिबाला परवडणारे नव्हते. उंदराचे पदार्थ हे पुष्कळदा पैसेवाल्यांचेच खेळ होते. गरिबाच्या घरी काय होते? पाव होता, आणि वाइन होती. होय, वेढ्यात सगळे आटले, पण वाइन आटली नाही. शहराच्या कोठारांत तिचा साठा मुबलक होता. कामधंदे बंद पडलेल्या पुरुषांना राष्ट्रीय रक्षक दलात दिवसाला दीड फ्रँक मिळे. पोट रिकामे, अंगात थंडी, हातात दीड फ्रँक आणि कोपऱ्यावर दारूचे दुकान. पुढचे आपल्या भगिनींना सांगायला हवे का? बायकांची ओरड वाढली. अखेर सरकारला रक्षकांच्या बायकांसाठी दिवसाला ७५ सांतीमचा, म्हणजे पाऊण फ्रँकचा, वेगळा भत्ता द्यावा लागला. मजुरीतला काही भाग घरवालीच्या हाती थेट पडावा, ही मागणी आपल्याकडे नवी वाटते. तिला दीडशे वर्षे होऊन गेली आहेत.

जानेवारी १८७१ मध्ये शहरावर तोफा डागल्या जाऊ लागल्या. १८ जानेवारीला व्हर्सायच्या राजवाड्यात, आरशांच्या महालात, विल्हेल्मला जर्मनीचा बादशहा म्हणून जाहीर केले गेले. कॅफे आंग्लेतल्या टेबलाला 'तीन बादशहांचे' हे नाव शोभू लागले ते असे. त्याच आठवड्यात पॅरिसमध्ये पावावरही रेशन आले. मोठ्या माणसाला दिवसाला ३०० ग्रॅम, लहान मुलाला त्याच्या निम्मे. पाव तरी कसला? गव्हात तांदूळ आणि ओट, आणि त्यात काडीकचरा. २८ जानेवारीला शहर शरण आले.

शरण आले ते सरकार. लोकांनी मार्च महिन्यात आपला कारभार आपल्या हाती घेतला. तेच पॅरिसचे कम्यून. ते सत्तर-बहात्तर दिवसच टिकले आणि मे महिन्याच्या अखेरीस रक्तात बुडवले गेले. खानावळ काढणारा व्हार्लँ २८ मे रोजी गोळी घालून मारला गेला. नातालीला समुद्रापार न्यू कॅलेडोनियाला काळ्या पाण्यावर पाठवले. पण त्या थोड्या दिवसांत कम्यूनने एक हुकूम काढला होता, तो जेवणाच्या हकिकतीत आलाच पाहिजे.

श्रीमंतांना सकाळी गरम पाव लागे. त्यासाठी बेकरीतले कामगार रात्रभर भट्टीपुढे तळघरात उभे राहत. दिवसाचा उजेड नाही, घरच्या माणसांची गाठ नाही. त्यांनी मागणी केली, की रात्रीचे काम बंद करा. लिओ फ्रँकेल हा हंगेरीहून आलेला दागिने घडवणारा कारागीर कम्यूनचे मजूर खाते पाहत होता. त्याने ती मागणी उचलून धरली. २० एप्रिल १८७१ रोजी हुकूम निघाला, की बेकऱ्यांतले रात्रीचे काम बंद. मालकांनी ओरड केली, चालढकल केली. तेव्हा मे महिन्यात त्याला पुरवणी जोडली गेली. रात्री भाजलेला पाव कोणत्याही बेकरीत सापडला, तर तो जप्त करायचा आणि त्या त्या वॉर्डातल्या गरजूंना वाटून टाकायचा.